मारुतीच्या मैदानातली पोटरीबंदी

प्रिय केतकी,

आजीचा आशीर्वाद घे. रागात असशील तरी पहिले पूर्ण वाच, मग फाडायचं तर फाड. घरच्या कोणाचाच फोन तू घेऊन नाही राहिलीस, म्हणून हे पत्र. फोन कट करता येते, कागद कट होत नाही. अक्षर तर तू ओळखलंच असशील. तुझ्या बापाचंच आहे. मला अक्षर येत नाही, आणि तुझ्या आईला लिहायला बसवलं तर दिपालीनं ‘प्रिय केतकी’ एवढं लिहिलं आणि डोळ्याला पदर लावला तो काढलाच नाही. म्हणून मास्तरला बसवला पुढ्यात. जन्मभर दुसऱ्याच्या पोरांना शुद्धलेखन घातलं यानं, आज आई याला घालून राहिली आहे. आता ज्याच्याबद्दल बोलायचं त्यालाच ते लिहावं लागते, त्याला मी काय करू? लिही रे सुरेश, पेन काहून थांबवला? पाहा, हेही लिहिलं त्यानं. इमानदार आहे, फक्त उशिरा आहे.

बसल्या बसल्या आमचं पहिलं भांडण झालं ते भाषेवरून. मी ‘मले’ म्हणते, हा ‘मला’ लिहिते. मी म्हटलं, अरे, पोरीला वाटेल आजी गेली आणि तिच्या जागी पुण्याची कोणी बाई येऊन बसली. शेवटी तोड निघाली. ‘मले-तुले’ तो सुधारेल, बाकीचं माझ्या तोंडून निघेल तसंच उतरवेल. मधून मधून मी याच्याकडून वाचून घेते. मघाशी वाचायला लावलं तर ‘फक्त उशिरा आहे’ हे यानं गाळलेलं निघालं. वाचताना जीभ अडखळली, तिथंच पकडला. परत घालायला लावलं.

इकडचं म्हणशील तर नवतपा, ते नऊ कडक दिवस, लागायचाच आहे, पण ऊन आत्ताच डोक्यावर बसलं. आंबिया बहाराची संत्री लिंबाएवढी झाली आणि पटापटा गळून राहिली. तुझी आई सकाळ-संध्याकाळ झाडाखालची फळं पाहून येते. तुझी शेळी व्याली. दोन पिल्लं दिली, दोन्ही माद्या. तुझ्या बापाला म्हटलं, घे, आता यांनाही सलवार शिव. तेव्हापासून हा गोठ्यात माझ्यासोबत येत नाही.

आता मुद्द्याचं. सुरुवात तुझ्यासमोरच झाली, तरी मी परत सांगते. तुझ्यासाठी नाही, लिहिणाऱ्यासाठी सांगते. तू आपल्या मध्य प्रदेशच्या पुलिस भर्तीची लेखी काढली. गावातली पहिली पोरगी. साखर वाटली, देवीदासनंही चिमूटभर घेतली, मारुतीच्या देवळाच्या समितीचा अध्यक्ष म्हणून दोन शब्द बोलला की पोरींनी असंच पुढं जावं. मग राहिली दौड. दौड काही अंगणात होत नाही. वावरात काळ्या मातीच्या भेगा, पाय गेला की घोटा गेला. सडकेवर संत्र्याचे ट्रक. सपाट जागा एकच, मारुतीच्या देवळापुढचं मैदान. तर तू उजाडता उजाडता तिथं पळायला लागली, काळी अर्धी पँट घालून. पोरींनी पुढं जावं म्हणणारा देवीदास त्याच वेळेला देवाला आंघोळ घालायला यायचा. पोरगी खरंच पुढं जाताना दिसली आणि याच्या हातातला तांब्या खाली आला. ‘वातावरण खराब होऊन राहिलं.’ अरे, वातावरण खराब होतं ते तिकडं वावरात, गारपीट होते तेव्हा. पोरीच्या गुडघ्यानं कोणतं वातावरण खराब होते?

देवीदासनं ठाण्यात अर्ज दिला. शिपाई आला मोटरसायकलवर, आपल्याच ओट्यावर बसला, चहा प्याला. तू आत दाराआड उभी होतीस, मी बाहेर सुपारी कातरत होती. मला वाटलं आता हा पट्टी काढून मोजेल. तर तो बिचारा हसायलाच लागला. म्हणे, ‘आजी, मी स्वतः चड्डीतच भर्ती झालो. दौड का धोतर नेसून करायची?’ मग देवीदासला बोलावून त्यानं समजावलं. नवीन कायदा आला, दफेचे, म्हणजे कलमांचे, आकडे बदलले, पण आतला मजकूर तोच आहे म्हणे. चारचौघांत काही अश्लील केलं आणि त्याचा दुसऱ्याला त्रास झाला, तर गुन्हा. पळणं अश्लील नाही. अर्धी पँट अश्लील म्हणायची तर पहिले ठाण्याच्या मागं व्हॉलीबॉल खेळतात त्यांना आत टाकावं लागते. देवीदास म्हणे, ‘पण मले त्रास होऊन राहिला ना!’ शिपाई म्हणे, ‘मग काका, त्या टायमाला तिकडं पाहत नका जाऊ. पाहत राहण्यावर मात्र दफा आहे, सांगू का?’ माझा अडकित्ता हातातून पडला हसता हसता. तूही आत हसलीस, मी ऐकलं. त्या दिवशी मला वाटलं विषय संपला. मी एवढी म्हातारी झाली तरी मूर्खच आहे. सरकारचा कायदा हातात नाही आला की आपली माणसं घरचा कायदा करतात, हे मला समजायला पाहिजे होतं.

मग समितीची बैठक. सचिव कोण? आपले मास्तर. अक्षर चांगलं म्हणून सचिव. मी याला तेव्हाच म्हटलं होतं, बाबू, ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडून लोक वाईट गोष्टी लिहून घेतात. पहिले ठरलं की मैदान हे ‘मंदिर परिसर’ आहे. का? तर मारुतीची नजर तिथपर्यंत जाते. मारुतीची नजर तर लंकेपर्यंत जाते, मग तिथंही बोर्ड लावा. मग ठरलं की परिसरात गुडघ्याच्या वरचा कपडा चालणार नाही. एवढ्यावर थांबले असते तर माझं काही चाललं नसतं. पण देवीदासला वाटलं, पोरगी चतुर आहे, गुडघ्याच्या खाली एक बोट येणारी पँट घालून येईल आणि पळेल. तर पक्कं करा. गुडघा खोडा, पोटरी लिहा. पोटरी दिसेल असा कोणताही कपडा बंद. पुंडलिकराव, जे बैठकीत झोपलेलेच असतात, ते डोळे मिटूनच ‘मंजूर’ म्हणाले. आणि तुझ्या बापानं ते सुंदर अक्षरात उतरवून घेतलं, खाली सही केली. एकानंही, एकाही बाप्यानं, घरी जाऊन आपल्या मायच्या पायांकडे पाहिलं नाही.

पांढुर्ण्याहून पेंटर आणला. त्यानं हिंदीत रंगवलं, म्हणजे बाहेरगावच्यालाही समजलं पाहिजे. ‘पिंडली दिखाई देने वाले वस्त्रों में प्रवेश वर्जित’. खाली ‘आज्ञा से, समिती’. सीढी धरून कोण उभा होता? देवीदासचा अभिजीत. लाल फुलांचा बरमुडा घालून. मी त्याला विचारलं, बाबू, तुझ्या पोटऱ्या कुठं गेल्या? तो म्हणे, ‘आजी, हे पोरींसाठी आहे.’ बोर्डावर तसं लिहिलं आहे का, मी विचारलं. त्यानं वर पाहिलं, वाचलं, आणि म्हणे, ‘लिहायचं काय त्यात, समजते ना सगळ्याइले.’

तू त्या दिवशी बापाला फक्त एवढं विचारलंस की सही तुमची आहे का. हा म्हणाला, ‘सलवार घालून पळ, काय बिघडते? मी कुठं पळू नको म्हटलं?’ तू म्हटलंस, ‘तुम्ही धोतर नेसून विहिरीत पोहून दाखवा.’ मग यानं ते वाक्य टाकलं, की उद्या स्थळं येतील, लोक काय सांगतील त्यांना. बस. तू बॅग भरली आणि नागपूरची बस धरून जयश्रीकडे गेलीस. आत्याच्या घरी निदान मैदान आहे, असं जाताना म्हटलंस. मी अडवलं नाही. अडवणारी मी कोण, मला तर तुझ्यासोबत यायचं होतं.

तुझा बाप हेही लिहून घेऊन राहिला आहे. मान खाली आहे.

जयश्रीचं नाव निघालं म्हणून सांगते. तुझी आत्या सौंसरला कॉलेजात जायला लागली तेव्हा तिनं पंजाबी ड्रेस शिवला. हीच ती सलवार, जी घालून पळ म्हणतात तुला. गावात पहिली सलवार तिची. केवढा गहजब झाला, माय! दोन पाय वेगळे वेगळे दिसतात, म्हणे. साडीत बाईचे पाय एकच आहेत असं वाटते का यांना? देवीदासचा बाप आपल्या ओट्यावर येऊन सांगून गेला की पोरीला आवरा, नाहीतर घरी बसवा. ती सलवार आज मारुतीच्या दारात सोवळी झाली. आणि माझी सासू सांगायची, तिच्या वेळेला पोलकं शिवून घालणारी बाई म्हणजे नखरेल. साध्या बाया लुगड्याच्या पदरानंच अंग झाकून वावरात जायच्या. शिवलेलं घातलं तर नटवी, न शिवलेलं घातलं तर आज जेलात जातील. म्हणजे बाईनं काय घातलं याच्याशी या लोकांचं काही घेणं नाही केतकी. तिनं नवीन काय केलं, याच्याशी आहे. कापूस मोजायला काटा आहे, संत्रा मोजायला क्रेट आहे, जमीन मोजायला पटवारी आहे. आणि लाज मोजायला काय आहे? देवीदासचा डोळा. तोही मोतीबिंदूचा.

आता तू गेल्यावरचं ऐक. जयश्रीनं तुला सांगितलंच असेल, पण ती भांडणातलं मीठ काढून सांगते.

हनुमान जयंतीचा भंडारा. आपल्या गावची रीत तुला माहीत आहे, भंडाऱ्याची मोठी चूल गावातली सगळ्यात म्हातारी बाई पेटवते. तिनं पहिली काडी लावल्याशिवाय ना वरण शिजत ना भाजी. मागच्या वर्षीपर्यंत माझ्या जोडीच्या अंबाबाईची मोठी जाऊ लावायची. ती गेली. यंदा मान माझा. सकाळीच देवीदासचा निरोप आला, आजीला लवकर पाठवा. मी आंघोळ केली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली, कासोटा घातला घट्ट, जसा जन्मभर घालते तसा. अंबाबाईला सोबत घेतलं, अजून आम्ही लुगडेवाल्या ज्या चार-पाच उरल्या त्या सगळ्याइले बोलावलं. निघालो काठ्या टेकत. तुझा बाप आधीच तिकडं होता, माइकवर.

फाटकाशी गेली आणि थांबली. देवीदास हात जोडून आला, ‘या काकू, या.’ मी म्हटलं, थांब बापा, हे काय लिहिलं आहे इथं? मला तर वाचता येत नाही, तूच वाच. तो म्हणे, ते काही नाही, चला आत. मी म्हटलं, देवाच्या दारात लिहिलं आणि काही नाही कसं? वाच. मोठ्यानं वाच, अंबाबाईला कमी ऐकू येते. वाचलं त्यानं. मी विचारलं, पिंडली म्हणजे काय रे? आता तोंडानं सांगेना. मग हळूच आपल्या पायाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, अच्छा, पोटरी! आणि सरळ त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. म्हटलं, ही का? माझ्यामागून अंबाबाईनंही पाठ केली. मग बाकीच्याही फिरल्या. फाटकापुढं ओळीनं म्हाताऱ्या, आणि कासोट्याखाली वाळल्या शेवग्याच्या शेंगांसारख्या आमच्या पोटऱ्या. आतल्या बाया वांगी चिरायची सोडून पाहायला आल्या.

देवीदासला घाम फुटला. ‘काकू, तुमच्यासाठी नाही ते.’ मी म्हटलं, मग कोणासाठी आहे? ‘तसं... आजकालच्या पोरींसाठी.’ मी म्हटलं, मग तसं लिही. पोरीचं नाव लिही. ज्या पोरीच्या पायासाठी एवढा पत्रा रंगवला तिचं नाव लिही, तिच्या बापाचं नाव लिही, तो तिथं माइक धरून उभाच आहे. नाही लिहीत? मग नियम सगळ्याइले सारखा. मी देवाच्या दारात नियम मोडणारी नाही बापा, या वयात पाप नको. आणि मी तिथंच उंबराखालच्या दगडावर बसली. म्हटलं, काडी इथून फेकते, लागली चूल तर लागली.

ऊन चढायला लागलं. रामाकोन्याकडून, इकडून तिकडून लोक जेवायला येऊन राहिले. मोठाले गंज-पातेले पाण्यानं भरलेले, डाळ धुतलेली, वांग्यांचा ढीग चिरून काळा पडून राहिला. कोणी म्हणे दुसऱ्या बाईनं पेटवावी. दुसरी कोण? माझ्या खालोखाल अंबाबाई, ती माझ्या बाजूला. तिच्या खालोखालच्या तिच्या बाजूला. साडीवाली सगळ्यात मोठी म्हणजे देवीदासची बायको, ती म्हणे मला काय मरायचं आहे का रीत मोडून. मग देवीदासनं घरून एक गोल साडी मागवली, माझ्यापुढं धरली, ‘काकू, एवढं वरून गुंडाळून घ्या.’ मी म्हटलं, या लुगड्यात मी कापूस वेचला, या लुगड्यात संत्र्याच्या झाडाला सीढी लावून चढली, तू खाली उभा राहून टोपली धरायचा, तेव्हा तर तुला पोटरी दिसली नाही. तो साडीची घडी घालायला लागला. खरंच दिसली नसेल केतकी. तेच तर सांगून राहिली मी. दुसऱ्यासाठी राबणारे पाय या लोकांना दिसत नाहीत. बाई स्वतःसाठी पळायला लागली की लगेच पाय दिसतात.

इतक्यात पुंडलिकराव आले गाभाऱ्यातून, अभिषेक आटपून. अंगावर ओला पंचा, तोही मांडीपर्यंत चढलेला, वर काही नाही, फक्त पोट. ‘काय गोंधळ लावला रे बायांनी?’ असं ओरडले. अंबाबाई, जिला कमी ऐकू येते आणि दिसते मात्र सगळं, ती म्हणाली, ‘भाऊजी, आमची तर पोटरीच अडली होती, तुमची तर पूर्ण मांडीच आत गेली हो!’ लोक असे हसले की बुंदीवाल्याचा झारा थंड्या तेलात पडला. पुंडलिकराव आले तसे परत गाभाऱ्यात.

आणि तुझा बाप? विचारशील ना? तुझा बाप माइकवर सांगत होता, ‘भाविकांना नम्र विनंती, काही तांत्रिक कारणामुळे महाप्रसादास विलंब होत आहे.’ तांत्रिक कारण! मी, त्याची सख्खी आई, तांत्रिक कारण! हे शब्द तर यानं आत्ता लिहिताना स्वतःहून दोनदा गिरवले. गिरव.

शेवटी भुकेनं न्याय केला. पाहुणे उठून जायला लागले, तेव्हा देवीदासनं चुन्याची बादली घेतली आणि बोर्डावर कुंचा मारला. पण घाईत त्यानं वरच्याच शब्दांवर मारला. कपड्यांचं सगळं पुसलं, खाली राहिलं ते ‘प्रवेश वर्जित’. आणि त्याच्या खाली ‘आज्ञा से’. बाहेरगावचे लोक फाटकाशी येऊन वाचून उभेच. कोणी आत येईना. अभिजीतला एकेकाचा हात धरून आत आणावा लागला, त्याच बरमुड्यात. मी गेली, चुलीला हळद-कुंकू वाहिलं, काडी लावली. जेवण झालं तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. वरण थोडं लागलं होतं, पण कोणी बोललं नाही.

तुला वाटेल आजी जिंकली. कायची जिंकली! दोन दिवसांनी परत पेंटर आला. आता बोर्ड नवीन आहे. ‘शालीन वस्त्रों में ही प्रवेश करें’. मी म्हटलं, शालीन म्हणजे किती वीत? तर देवीदास म्हणे, ‘काकू, ते ज्याचं त्यानं समजायचं.’ म्हणजे पहिले निदान पोटरी होती, दाखवता येत होती. आता काहीच नाही, नुसतं समजायचं. यापेक्षा तो ठाण्यातला कायदा बरा म्हणायचा. त्यात बोट ठेवायला काही नव्हतं तर शिपाई परत तरी गेला. हा बोर्ड परत जात नाही. शेजारची हिमानी मैदानात जाते चालायला, या उन्हात जाड ट्रॅक पँट आणि वरून ओढणी, आणि येते तेव्हा टमाट्यासारखी लाल. विचारलं, पळत काहून नाही? म्हणे, ‘आजी, पळणं शालीन आहे का नाही ते माहीत नाही.’ मी कपाळ बडवून घेतलं. किती जणांशी भांडू मी? एक बोर्ड पुसला तर पोरींच्या डोक्यात दुसरा रंगवलेलाच आहे.

आणि सगळ्यात जास्त चीड मला तुझीच आली आहे, आता ऐक. जयश्री सांगत होती की तू तिच्याकडे गेल्यापासून पहिले चार दिवस पळाली, आणि तेव्हापासून तुझे बूट पिशवीतून निघाले नाहीत. नागपुरात तर कोणी बोर्ड लावला नाही! ती म्हणते, तू म्हणतेस की दौडीला जबलपूरला जाणारच नाही, तिथंच कुठं दुकानात काम धरते. का, तर पुलिस झाली तरी सुट्टीला याच घरात यायचं, आणि ज्या घरात बापानं सही केली त्या घरात वर्दी घालून काय उजेड पाडायचा. हे वाक्य तू म्हटलं का नाही? हे मी सुरेशला सांगितलं नव्हतं, आत्ता त्याला लिहितानाच समजलं. पेन ठेवून पाणी प्यायला गेला होता. आता आला. लिही पुढं. पोरी, देवीदासचा चष्मा जाड आहे, तुझी अक्कल त्याच्यापेक्षा जाड झाली का? त्यानं तुला मैदानातून काढलं, आणि तू स्वतःला भर्तीतून काढून राहिलीस. त्याचं अर्धं काम तू फुकटात करून देऊन राहिलीस. बापावर राग आहे तर बापावर काढ. पायांवर कायले काढतेस? पाय तुझे आहेत, त्याचे नाहीत.

आता हे पत्र कोणाच्या डोक्यातून निघालं ते सांगते, आणि इथून पुढचं सुरेश एक शब्द गाळणार नाही, मी त्याला शपथ घातली आहे. मला पत्र लिहायचं नव्हतं. मी तर परवाच्या बसनं नागपूरला येऊन तुझा कान धरणार होती. हाच कागद-पेन घेऊन आला, म्हणे, ‘आई, तुला केतकीला काही सांगायचं असेल तर सांग, मी लिहितो.’ मग इकडचं तिकडचं बोलत बसला, स्वतःचं काही सांगेना. त्याच्या आधीचं ऐक. भंडाऱ्यानंतरच्या सोमवारी हा सौंसरच्या बाजारात गेला आणि येताना एक अर्धी पँट घेऊन आला. निळी. गुडघ्याच्या बरीच वर. पन्नाशी उलटलेला मास्तर, ज्यानं कधी अंगणात लुंगी नेसली नाही, तो तेव्हापासून रोज उजाडता उजाडता ती पँट घालून मारुतीच्या मैदानात चकरा मारून राहिला आहे. पळतही नाही, पळता येत नाही त्याला. नुसता चालते, खाली मान घालून, बोर्डाच्या पुढून, देवीदास देवाला आंघोळ घालतो नेमक्या त्या वेळेला. त्याचे ते पाय, केतकी! बगळ्यानं लाजावं. पोट्टे भिंतीवर बसून पाहतात, शाळेतली पोरं ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणून खिदळतात, बायका तोंडाला पदर लावतात. देवीदास तीनदा समजवायला आला, हा त्याला फक्त म्हणते, ‘अध्यक्ष, दफा कोणती ते सांगा.’ सचिवपण सोडलं, ते घरात कोणाला सांगितलं नाही, मला अंबाबाईकडून समजलं. पण हा तुला ‘चुकलो’ म्हणेल अशी वाट पाहू नको. पाय उघडे केले यानं, तोंड काही उघडत नाही. तुझी आई रोज म्हणते, लाज वाटते हो, बंद करा. हा म्हणते, केतकीची जागा आहे ती, पोरगी येईपर्यंत कोणी तरी धरून ठेवायला पाहिजे. तेव्हा माझे आई, दौडीला थोडेच दिवस उरले. तू बूट काढ, बस धर आणि ये. आणि आपल्या जागेवर पळ, म्हणजे मला माझ्या पोराला एकदा पूर्ण पँटमध्ये पाहता येईल.

तुझीच, फाटकाशी वाट पाहणारी,
आजी